देव कोण, दैत्य कोण? पवित्र आणि दुष्ट मानलेल्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असुर म्हणजे राक्षस. मग ऋग्वेदात वरुणाला ‘असुर’ का म्हटलंय? छापण्यात चूक आहे का?

चूक नाही. ऋग्वेदात ‘असुर’ ही बहुतेक ठिकाणी स्तुती आहे. वरुण असुर आहे, मित्र असुर आहे, सविता असुर आहे. दुसऱ्या मंडलातल्या पहिल्याच सूक्तात अग्नीला ‘आकाशातला थोर असुर, रुद्र’ असं म्हटलंय. पाचव्या मंडलात तर भक्ताला सरळ सांगितलंय: ‘नमोभिर्देवमसुरं दुवस्य’. म्हणजे जो देवही आहे आणि असुरही आहे, त्या रुद्राची नमस्कारांनी सेवा कर. एकाच ओळीत, एकाच व्यक्तीला दोन्ही शब्द लावलेत आणि म्हणणाऱ्याला त्यात काही खटकलेलं नाही.

शब्दाच्या मुळाशी ‘असु’ आहे, म्हणजे प्राण, जीवनशक्ती. ‘गतासु’ म्हणजे मेलेला, हे गीता वाचणाऱ्यांना आठवेल. ज्याच्यात ही शक्ती उदंड, तो असुर: प्रभू, धनी, सामर्थ्यवान. तिसऱ्या मंडलातल्या ५५व्या सूक्तात २२ ऋचा आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद येतं, ‘महद्देवानामसुरत्वमेकम्’. देवांचं असुरपण थोर आणि एकच आहे! हे वाक्य आज कुणाला अर्थ न सांगता ऐकवलं, तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल.

मग शब्द फिरला कधी?

एका रात्रीत नाही. ऋग्वेदाच्या आतच तो फिरू लागलेला दिसतो. दहाव्या मंडलासारख्या उशिराच्या भागात ‘असुरहा’, म्हणजे असुरांना मारणारा, असं विशेषण भेटतं. तिथेच १२४व्या सूक्तात असुरांची माया गेली, ते बळ हरवून बसले, असं वर्णन आहे. सत्तांतर झालंय आणि जुन्या धन्यांचा शिक्का आता चालत नाही, असा त्या सूक्ताचा सूर आहे.

ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे वेदांमागोमाग आलेल्या, यज्ञाचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथांत, चित्र पक्कं झालेलं दिसतं: एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर आणि मधे यज्ञाची ओढाताण. पण तिथेही एक गोष्ट कुणी लपवलेली नाही. देव आणि असुर दोघेही प्रजापतीचीच मुलं. शतपथ ब्राह्मणात हे वाक्य इतक्या वेळा येतं की कथेची सुरुवात करायची ती ठरलेली पद्धतच असावी. म्हणजे भांडण परक्यांचं नाही, भाऊबंदकीचं आहे. आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलतभावांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘सुर’ म्हणजे देव, म्हणून ‘असुर’ म्हणजे देव नसलेला. शाळेत असंच शिकवलं होतं. खरं ना?

उलटं आहे. आधी ‘असुर’ होता, ‘सुर’ नंतर आला. ऋग्वेदात देव या अर्थाने ‘सुर’ सापडत नाही. असुराला वाईट अर्थ चिकटल्यावर लोकांनी त्यातल्या ‘अ’ला नकार समजलं, तो काढून टाकला आणि उरला तो ‘सुर’ देवांना दिला. संस्कृतात अशी आणखीही उदाहरणं आहेत. ‘असित’ म्हणजे काळा. त्यातला ‘अ’ही नकार वाटला आणि ‘सित’ म्हणजे पांढरा असा शब्द तयार झाला.

एकदा ‘सुर’ जन्माला आल्यावर त्याची कथाही लागली. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात समुद्रमंथनातून वरुणाची कन्या वारुणी, म्हणजे सुरा, वर येते. दितीच्या मुलांनी तिला नाकारलं म्हणून ते असुर. अदितीच्या मुलांनी तिला स्वीकारलं म्हणून ते सुर. थोडक्यात, या कथेप्रमाणे दारूला नाही म्हणणारे ते असुर! व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात ही गोष्ट कुणी सांगत नाही, हे साहजिक आहे.

पारशी लोक ‘अहुर मज्द’ची उपासना करतात. हा अहुर म्हणजे आपला असुरच का?

हो, तोच शब्द. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी अवेस्ताच्या, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या, भाषेत बऱ्याचदा ‘ह’ येतो. सप्तचं हप्त, सोमचं हओम, सिंधूचं हिंदू, तसंच असुरचं अहुर. ‘आठवडा’ या अर्थाने आपण जो ‘हप्ता’ म्हणतो, तो याच वाटेने फारसीतून आला.

गंमत पुढे आहे. इराणात ‘अहुर’ सर्वोच्च झाला आणि ‘दएव’, म्हणजे आपला ‘देव’, दुष्ट ठरला. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. जरथुष्ट्र हा पारशांच्या धर्माचा संस्थापक. त्या धर्माच्या स्वीकाराच्या वचनात माणूस म्हणतो की मी मज्दाचा उपासक आहे, जरथुष्ट्राचा अनुयायी आहे, दएवांचा विरोधक आहे. ‘वेंदिदाद’ या ग्रंथाच्या नावातच ‘दएवांविरुद्धचा कायदा’ हा अर्थ आहे आणि त्यात दएवांची जी नावं येतात त्यांत इंद्र आहे, सउर्व म्हणजे शर्व (रुद्राचं एक नाव) आहे, नाओंघइथ्य म्हणजे नासत्य (अश्विनीकुमार) आहे. आपला स्वर्गाचा राजा तिकडे सैतानाच्या दरबारात उभा!

सगळेच मात्र उलटे झाले नाहीत. मित्र तिकडे ‘मिथ्र’ म्हणून पूज्यच राहिला. सोम ‘हओम’ म्हणून पवित्रच राहिला. इंद्राचं ‘वृत्रहन्’, म्हणजे वृत्राला मारणारा, हे बिरुदसुद्धा ‘वेरेथ्रघ्न’ या नावाने मान टिकवून आहे. फक्त स्वतः इंद्राची हकालपट्टी झाली.

आणि मुंबईला हा असुर अजिबात परका नाही. ‘होरमसजी’ हे पारशी नाव अहुर मज्दपासूनच घडलंय. अहुर मज्दचं अहुरमज्द, त्याचं होर्मज्द, त्याचं होरमस आणि शेवटी आदराचा ‘जी’. पारशी महिन्याचा पहिला दिवसही होर्मज्दचाच.

फारसीत ‘देव’ वाईट, तर त्याचा काही अवशेष मराठीत आहे का?

आहे, आणि तो रोज तोंडात असतो: ‘दिवाना’. जुना दएव फारसीत ‘दीव’ झाला. शिंगं असलेला, अंगावर ठिपके असलेला आडदांड राक्षस, जुन्या इराणी चित्रांत दिसतो तसा. शाहनामा या फारसी महाकाव्यात रुस्तुम हा वीर ज्याला मारतो तो सफेद दीव याच जातीचा. अशा दीवाने ज्याला झपाटलं, तो ‘दीवाना’. वेडा, मग प्रेमाने वेडा, मग कशानेही वेडा.

मराठीने हेच घरच्या सामानातून केलंय. ‘पिसा’ म्हणजे वेडा, ‘पिसं लागणं’ म्हणजे ध्यास लागणं, आणि या पिशाच्या मागे उभा आहे पिशाच. संत जेव्हा स्वतःला विठ्ठलाचं पिसं लागलं म्हणतात, तेव्हा ते शब्दशः विठ्ठलाच्या भुताने झपाटलेले असतात.

म्हणजे भारतीय आणि इराणी यांचं धर्मावरून भांडण झालं आणि एकमेकांचे देव त्यांनी राक्षस ठरवले?

ही कल्पना फार लोकप्रिय आहे आणि तिचा पुण्याशी संबंध आहे. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित १८५९मध्ये पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचा प्रमुख म्हणून आला आणि १८६६पर्यंत राहिला. पारशांच्या धर्मग्रंथांवरचे त्याचे निबंध १८६२मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. गाथा हा अवेस्ताचा सगळ्यात जुना भाग आणि तो स्वतः जरथुष्ट्राचा, हे त्याने दाखवलं. त्या काळच्या मुंबईच्या पारशांवर त्याचा मोठा परिणाम झाला. देव-असुरांच्या उलटापालटीचं कारण म्हणून त्याने दोन शाखांमधला धार्मिक कलह पुढे केला.

गाथांबद्दलचं म्हणणं टिकलं, कलहाचं मात्र नीट बसत नाही. एकाच भांडणात दोन्ही नावं फिरली असती, तर ऋग्वेदात असुर इतका काळ सन्मानाचा राहिलाच नसता. तो बिघडला तो इथेच, हळूहळू, इराणाकडे न पाहता. तिकडचा दएवही तिकडच्याच कारणांनी उतरला: जरथुष्ट्राला जुन्या देवांची लूटमारीला आशीर्वाद देणारी बाजू नको होती. दोन शेतांत दोन वेगळी पिकं वाढली, बियाणं तेवढं एक होतं.

ही नावं अजून एकत्र नांदत होती तो जमाना कसा असेल याची एक झलक तुर्कस्तानात बोगाझकॉय इथे सापडलेल्या मातीच्या विटांवर आहे. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातल्या दोन राज्यांच्या राजांच्या तहात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं आहेत, एकाच रांगेत. नंतर यातला इंद्र इराणात दुष्ट होणार आहे, पण तहावर सही करणाऱ्यांना त्याची काय कल्पना!

दैत्य, दानव, राक्षस, पिशाच: सगळे एकच का?

बोलताना एकच, कुळाने वेगळे. दितीची मुलं दैत्य, दनूची मुलं दानव. दिती, दनू आणि देवांची आई अदिती या तिघी एकाच कश्यपाच्या बायका. राक्षसांचं खातं वेगळं. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव प्राणी निर्माण करतो आणि त्यांना पाण्याचं रक्षण करायला सांगतो. काही म्हणाले ‘रक्षाम’, आम्ही राखू. ते राक्षस. काही म्हणाले ‘यक्षाम’, आम्ही पूजू. ते यक्ष. म्हणजे राक्षस हे मुळात राखणदार, निदान त्या कथेपुरते.

पिशाच सगळ्यात खालच्या पायरीवर. पण मनुस्मृतीतले आठ विवाह पाहा: ब्राह्म, दैव वगैरे वर, मग आसुर म्हणजे मुलीचं मोल देऊन केलेला, राक्षस म्हणजे पळवून आणून केलेला, आणि पैशाच म्हणजे झोपेत वा नशेत असलेल्या मुलीवर केलेला अत्याचार. यातला राक्षसविवाह क्षत्रियांना चालतो असं तोच ग्रंथ सांगतो. रुक्मिणीहरण याच खान्यात मोडतं.

बळी तर असुर. मग ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं आपण का म्हणतो?

कारण मराठी शेतकऱ्याने पुराणाचा निकाल कधी मान्यच केलेला नाही. वामनाने तीन पावलांत सगळं घेतलं, बळीला खाली धाडलं, देव जिंकले. कथा इथे संपते. पण दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना बाई मागते ते हरलेल्याचं राज्य, जिंकलेल्या इंद्राचं नव्हे. इंद्राचं राज्य येवो असं म्हणणारी बाई कुठे ऐकलीये का? शेतकऱ्याला अजून ‘बळीराजा’च म्हणतात, बातमीतसुद्धा. केरळात ओणम त्याच बळीच्या परत येण्याचा सण.

पुराणांनाही बळीला पूर्ण वाईट ठरवणं जमलेलं नाही. तो प्रल्हादाचा नातू, दिलेल्या शब्दाला जागणारा. भागवतात त्याला सुतलात पाठवल्यावर विष्णू स्वतः त्याच्या दाराशी पहारा करतो. सात चिरंजीवांच्या श्लोकात अश्वत्थाम्यामागोमाग बळीचं नाव येतं आणि हनुमानापाठोपाठ बिभीषणाचं. सातांतले दोन दैत्य-राक्षसांच्या कुळातले. सकाळी उठून तो श्लोक म्हणणाऱ्या घरांतही हे कुणी मोजत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त ही कथा उलटी वाचली. बळी हा इथला न्यायी राजा, वामन हा घुसखोर. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्या राजाचे अधिकारी. ‘महासुभा’चं म्हसोबा झालं ही त्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पण खेड्यातला शेंदूर फासलेला दगड आणि हरलेला राजा एका बाजूचे आहेत, हे त्यांनी अचूक हेरलं होतं असं माझं मत आहे.

नरकासुराचं काय? तो तरी नक्की दुष्ट ना?

गोव्यात विचारलंत तर हो. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर कागद, गवत आणि बांबूचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे राहतात, स्पर्धा होतात, कर्णे वाजतात आणि पहाटे ते जाळले जातात. कोकणात अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात, ‘गोविंदा गोविंदा’ म्हणतात. तो कडू रस म्हणजे नरकासुराचं रक्त.

आसामात विचारलंत तर उत्तर बदलतं. नरकासुर प्राग्ज्योतिषाचा राजा, भूमीचा मुलगा. कामरूपाच्या राजघराण्यांनी आपलं कूळ त्याच्यापासून सांगितलं. हर्षाचा मित्र भास्करवर्मा हा स्वतःला नरकाचा वंशज म्हणवणाराच. पणजीत जाळायचा पुतळा, गुवाहाटीकडे राजाचा मूळपुरुष.

झारखंडात तर ‘असुर’ नावाचीच आदिवासी जमात आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारे हे लोक महिषासुराला आपला पूर्वज मानतात, आणि नवरात्र त्यांच्यासाठी सुतकाचे दिवस.

असुरांच्या नावाची गावं, तीर्थं खरोखर आहेत का?

भरपूर. पितरांचं सगळ्यात मोठं तीर्थ गया हे गयासुराच्या अंगावर वसलंय. त्याचं शरीर इतकं पवित्र होतं की नुसत्या स्पर्शाने माणसं तरत होती, म्हणून देवांना त्याला झोपवून त्याच्यावर यज्ञ करावा लागला. म्हैसूर महिषासुराचं. कोल्हापूरच्या माहात्म्यात मरता मरता कोल्हासुर वर मागतो की या क्षेत्राला माझं नाव राहू दे.

आणि आपलं लोणार. तिथली आख्यायिका लवणासुराची. विष्णूने त्याला मारलं म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. शास्त्रज्ञ म्हणतात उल्का पडली. खाऱ्या पाण्याचं एवढं मोठं वाटोळं विवर पाहून जुन्या लोकांनी इथे कुणीतरी प्रचंड पडलं असावं असा अंदाज केला, तो काही अगदीच वाईट नव्हता.

मारलेल्याचं नाव मारणाऱ्याला लागण्याचीही आपल्याकडे रीत आहे. मुरारी, त्रिपुरारी आणि आपला मल्हारी. मणी आणि मल्ल या दोन दैत्यांशी खंडोबा लढला. मल्लाने मागितलं की माझं नाव तुझ्या आधी घेतलं जावं, म्हणून मल्ल-अरी. मणी शरण आला आणि देवाजवळ जागा मागितली, म्हणून जेजुरीत मणीलाही पूजा मिळते. गडावर भंडारा उधळताना ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणणारा प्रत्येकजण आधी दैत्याचं नाव घेतो.

जखीण हे भूत आणि जाखमाता ही देवी. नावं इतकी सारखी कशी?

कारण मूळ एकच: यक्षिणी. यक्ष हे कुबेराचे सेवक, झाडापाण्याचे आणि ठेव्याचे राखणदार. त्यांची पूजा फार जुनी. पुढे मोठे देव आले आणि यक्षिणीची वाटणी झाली. एका वाटेने ती ‘जखीण’ झाली, अतृप्त बाईचं भूत, जिच्या भीतीने पोरं तिन्हीसांजेला विहिरीकडे जात नाहीत. दुसऱ्या वाटेने ती ‘जाखाई’ किंवा ‘जाखमाता’ झाली. तिला खण-नारळ, चोळी-बांगडी. एकाच गावात दोन्ही असू शकतात आणि कुणाची गफलत होत नाही.

संतांना हे असले देव रुचत नव्हते. ‘नव्हे जाखाई जोखाई’ या अभंगात तुकोबा एकेकाला झोडत जातात: मेसाई, भैरव, खंडेराव, मुंज्या, म्हैसासुर, वेताळ. कोण देव आणि कोण भूत याची फेरमांडणी करायचा तो एक जोरकस प्रयत्न होता. देहूच्या आसपासच्या गावांनी अभंगही म्हटले आणि म्हसोबाला कोंबडंही दिलं.

वेताळाचंही तसंच. संस्कृत कथांत तो मढ्यात शिरणारा, झाडाला उलटा लटकणारा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीत तोच वेतोबा, लोकांच्या अडीअडचणीला धावणारा. त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात असं भाविक सांगतात. गोव्यात आमोणे आणि पैंगीण इथला बेताळ मोठा दैवत आहे. त्याला भूत म्हणून पाहा तिथे!

देवचार हा देव की भूत?

तुम्ही कुठल्या घरात विचारता त्यावर आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या हिंदू घरांत देवचार हा गावाच्या वेशीचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात काठी आणि दिवटी. अंधारात वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, पण मागे वळून बघायचं नाही. त्याला रोट, विडी, थोडी दारू. कुणी नवस चुकवला तर मात्र तो गप्प बसत नाही.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत कोंकणीतच ‘देंवचार’ म्हटलं की अर्थ सैतान. मिशनऱ्यांना देवासाठी ‘देव’ हा शब्द घ्यावाच लागला, दुसरा कुठला घेणार? मग जुना राखणदार पलीकडच्या बाजूला गेला. म्हणून तिथली प्रार्थना देवाची आणि भीती देंवचाराची. एका धातूतले दोन शब्द समोरासमोर उभे राहिले. गाव तेच, वेस तीच, शेजारी तेच.

पसायदानात ‘भूतां परस्परें जडो’ असं आहे. भुतांची मैत्री कशाला मागायची?

दरवर्षी एखाद्या शाळेत एखादं पोर हे विचारतंच आणि विचारावंच. ‘भूत’ म्हणजे जे झालं ते, जे आहे ते: प्राणिमात्र. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. तिथे भूत म्हणजे जीव. पंचमहाभूतं, भूतदया, भूतमात्र हे शब्द आजही त्याच अर्थाचे. ‘झालं’मध्ये ‘होऊन गेलं’ हाही अर्थ होता, भूतकाळ म्हणतो तसा. त्यातून मेलेला, मग मेल्यावर फिरणारा. शंकर भूतनाथ आहे तो दोन्ही अर्थांनी आणि शंकराची काही हरकत नसावी.

चांगल्याचे वाईट झालेले आणखी शब्द?

अघोरी. ‘अघोर’ म्हणजे घोर नसलेला, सौम्य. शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचं ते नाव. आज ‘अघोरी’ म्हणजे अंगावर काटा आणणारं. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, त्याच्या लांबलचक नावात ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ असं आहे. शब्दशः घेतलं तर सौम्य प्रथांना बंदी! कायद्याने अर्थात चालू अर्थ घेतला आणि योग्य केलं.

देवऋषी. संस्कृतात देवर्षी म्हणजे नारद. खेड्यात देवरुषी म्हणजे अंगारे-धुपारे करणारा, लिंबू उतरवणारा.

देवानांप्रिय. सम्राट अशोकाने हे बिरुद अभिमानाने दगडावर कोरलं. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२मध्ये आपल्या नालासोपाऱ्यात सापडला. पुढच्या संस्कृत व्याकरणकारांनी याच समासाचा अर्थ दिला: मूर्ख. अशोकाच्या लेखांतला ‘पासंड’ म्हणजे कुठलाही पंथ, ज्याचा मान राखायचा. त्याचा ‘पाखंडी’ झाला.

थोड्या वेगळ्या वाटेने गेलेला एक सांगतो: अवलिया. अरबीत ‘वली’ म्हणजे संत आणि त्याचं अनेकवचन अवलिया. मराठीत तो एकटाच माणूस झाला, तऱ्हेवाईक पण आवडता.

इंग्रजी ‘डेव्हिल’ हा ‘देव’वरूनच आला ना? आणि ल्युसिफर?

नाही. डेव्हिल हा ग्रीक ‘दियाबोलोस’, म्हणजे चहाडखोर, आळ घेणारा, यातून आला. ‘देव’चे सख्खे नातलग म्हणजे लॅटिन ‘देउस’ आणि लिथुएनियन ‘दिएवस’. ‘डीमन’ची गोष्ट मात्र आपल्या असुरासारखी आहे. ग्रीक ‘दायमोन’ म्हणजे माणसाबरोबर असणारी दैवी शक्ती. सॉक्रेटिसला चुकीच्या वाटेवर अडवणारा आतला आवाज त्याच जातीचा. ख्रिस्ती लोकांनी जुन्या देवतांना भुतं ठरवलं आणि दायमोन कायमचा काळा पडला.

ल्युसिफर म्हणजे प्रकाश आणणारा, लॅटिनमध्ये पहाटेचा शुक्र. बायबलातल्या यशयाच्या ग्रंथात बॅबिलोनच्या राजाला उद्देशून ‘प्रभातपुत्रा, तू कसा पडलास’ असं येतं, त्या जागी लॅटिन बायबलात हा शब्द बसला आणि पुढे सैतानाचं नाव झाला. त्याआधी ते साधं नाव होतं. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावर ल्युसिफर नावाचे बिशप होते आणि तिथे त्यांना संत मानतात. आणि सैतान? हिब्रूत ‘विरोधक’. बायबलातल्याच ईयोबाच्या गोष्टीत तो देवाच्या दरबारात सरकारी वकिलासारखा उभा असतो, देवाच्या परवानगीनेच काम करतो.

मुलीच्या पत्रिकेत राक्षसगण आला आहे. स्थळं परत जातायत. याला काही अर्थ आहे का?

२७ नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट केलेत: देव, मनुष्य आणि राक्षस. राक्षसगणात कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा, शततारका. आता या नक्षत्रांच्या देवता पंचांगात पाहा. कृत्तिकेची अग्नी. ज्येष्ठेची इंद्र. धनिष्ठेचे वसू. मघेचे पितर. मुळाची निर्ऋती, म्हणजे विनाशाची देवता, सोडली तर यात राक्षसी म्हणावं असं फारसं कुणी नाही. देवांचा राजाच ज्या नक्षत्राचा स्वामी, त्यावर जन्मलेली मुलगी राक्षसगणी!

गुणमेलन ३६ गुणांचं असतं, त्यात गणाला ६. स्थळ आणणाऱ्या काकूंना हे माहीत असतंच, पण ‘राक्षस’ हा शब्द ऐकूनच समोरचे मागे सरतात. तेव्हा बोलणी करताना ‘राक्षसगण’ न म्हणता नक्षत्राचं नाव सांगा. कुणी देवगणच हवा म्हणून अडून बसलं, तर ते घर पुढेही कशाकशावर अडेल याचा अंदाज आधीच आलेला बरा.